सहावी पट्टी

१६ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे जात नाहीस, आणि आई शेजारी उभी असली की मलाही खरं बोलता येत नाही. म्हणून पत्र. मी आठवीत गेले, म्हणजे मोठ्या शाळेत. मोठी किती, तर आमची जुनी अख्खी शाळा इथल्या सायकल स्टँडमध्ये मावेल. इमारत तीन खेपांत बांधली आणि प्रत्येक खेपेला कुणीतरी खोल्यांना नव्याने नंबर दिले. एकतीसच्या शेजारी नऊ, नऊच्या समोर चौदा, आणि दहा नंबर कुठे आहे ते फक्त शिपाईकाकांना माहीत.

पहिल्याच आठवड्यात मी सात तासांना उशिरा पोचले. इथे प्रत्येक तासाला हजेरी असते, आणि उशीर झाला की ती संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. काल तर विज्ञानाचा तास समजून मी दहावीच्या वर्गात जाऊन बसले. चूक कळली तेव्हा उठायची लाज वाटली, म्हणून अर्धा तास त्यांच्याबरोबर आकृती काढली. माझ्या बाकावरची लांब वेणीवाली मुलगी शुक्रवारपासून येतच नाही. आज सकाळी मलाही पोटात दुखतंय म्हणून सांगावंसं वाटलं. हे आईला कळवू नकोस.

तू ब्रश घेऊन गावोगावच्या पाट्या रंगवत फिरतोस. तुला कधी रस्ता चुकत नाही का? लवकर लिही. लोभ आहेच, पण सध्या नेहमीपेक्षा थोडा जास्त लागेल.

तुझी
खारूताई

२१ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मग पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

नवीन इमारतीत काम मिळालं की पहिल्या दिवशी मी ब्रश बाहेरच काढत नाही. कुणी नसताना एकदा नुसता हिंडून येतो. दारावरच्या नंबरांवर विश्वास ठेवत नाही, कारण ते बदलायलाच मला बोलावलेलं असतं. जे हलत नाही ते बघून ठेवतो: पाण्याचा नळ, घंटा, जिना. उद्या अर्धा तास आधी जा आणि तेवढ्या तीन जागा पक्क्या कर. शिपाईकाकांशी गट्टी जमव. शाळा कुणीही चालवो, किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

आणि त्या वेणीवालीचं घर माहीत असेल तर आजच जा, उद्यावर टाकू नकोस. शाळेत येऊन दार सापडेना म्हणून घरी बसलेलं पोर दोन दिवसांत परत येतं. तीन आठवडे गेले की मग त्याला कुणीही आणू शकत नाही.

माझं म्हणशील तर सातवीनंतर ब्रश हातात घेतला, तेव्हापासून रस्ता चुकलेलो नाही. आईला काही बोललो नाही. दहावीची आकृती जमली का ते कळव.

तुझा
मामा

८ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

वेणी परत आली! तिच्या घरी गेले तेव्हा ती कपाटामागे लपली होती, पण वेणी बाहेर राहिली होती. आता आम्ही दोघी रोज अर्धा तास आधी जातो. नळ, घंटा, जिना, सगळं पाठ झालं. शिपाईकाका मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. कालपासून तर नवीन मुलं आम्हालाच रस्ता विचारायला लागली आहेत, आणि आम्ही तो बरोबर सांगतो. मामा, मला शाळा आवडायला लागली आहे, हे तुझ्यामुळे. आकृती चुकलीच होती.

तुझी
खारूताई

१० मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आहे. शिडीवर असशील तर खाली उतरून वाच.

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, काल वर्गावर आल्या होत्या. दर वर्षी पहिल्या महिन्यात आठवीची सात-आठ मुलं शाळा सोडतात, एरवी हुशार असलेलीसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी हे थांबवायला काय करावं, ते तुम्हीच सुचवा म्हणाल्या, कारण तुमचे हाल ताजे आहेत. वेणीने आणि मी रात्रीतून योजना केली आणि बाईंना ती आवडली! प्रत्येक पाच नव्या मुलांना नववीचे दोघे मदतनीस. आणि फाटकापासून निघणाऱ्या पाच रंगीत पट्ट्या, थेट जमिनीवर. पिवळी आठवीच्या वर्गांकडे, निळी प्रयोगशाळेकडे, लाल ग्रंथालयाकडे, केशरी मैदानाकडे, जांभळी ऑफिसात. पट्टी धरून चालत राहायचं, नंबर गेले खड्ड्यात.

बाईंनी विचारलं, रंगवणार कोण? मी उभी राहिले आणि माझा मामा म्हणून सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. तुला आधी विचारायला हवं होतं, ते टाळ्या संपल्यावर लक्षात आलं. सुट्टीत यायचं आणि शाळा उघडायच्या आत संपवायचं. येशील ना?

टाळ्यांनी हुरळलेली
खारूताई

१८ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मामाला न विचारता मामा देऊन टाकलास. कल्पना मात्र फक्कड आहे, मी इथल्या दोन पेंटरांना सांगितली आणि दोघांनीही मान हलवली.

पण मला जमेलसं दिसत नाही. गुडघा धरतोय. सुट्टीत एका दवाखान्याच्या पाट्यांचं काम ठरलंय. शिवाय इथली लांब शिडी तिकडे आणायची कशी हाही प्रश्न आहे. तुमच्याकडे एखादा पेंटर मिळेलच. त्याला सोपं जावं म्हणून सोबत नकाशा काढून पाठवतोय, कुठून कुठे पट्टी न्यायची त्याचा. फरशी आधी धुऊन पूर्ण वाळवा, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा, आणि रंगाचा दुसरा हात दिल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देऊ नका.

रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझा
मामा

२६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

जमिनीवर पट्ट्या मारायला शिडी कशाला लागते?

ते असू दे. नकाशा मी शिपाईकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि हा कुणी काढला ते विचारलं. तू फाटक मागच्या बाजूला दाखवलं आहेस, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे आता भिंत आहे. पूर्वी तिथे फाटक होतं, पण पंचवीस वर्षांपूर्वी बुजवलं, असं ते म्हणाले. आणि मागच्या जिन्याखाली तू एक कोपरा काढला आहेस, तो तर मी वर्षभरात पाहिलाच नव्हता. जाऊन बघितला. खरंच आहे.

मामा, तू सातवीनंतर शाळा सोडलीस ना? मी आईला विचारलं. तिने घडी केलेला टॉवेल उलगडून पुन्हा त्याची घडी केली आणि मामालाच विचार म्हणाली. म्हणून विचारतेय.

तुझी
खारूताई

त्याच पाकिटात

चि. भाऊस,
आशीर्वाद.

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवतेय. नकाशात ते फाटक तू काढलंस, मी नाही. मी तीस वर्षं तोंड शिवून बसले आहे. पोर सगळ्या वर्गासमोर तुझ्या भरवशावर उभी राहिली, आणि तू तिला गुडघा सांगतोस. आता तिला खरं काय ते सांग, नाहीतर मी सांगेन. मी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेन हे तुला ठाऊक आहे.

गुडघ्याला तेल लाव आणि ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

ताई

४ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझ्याशी खोटं बोललो. आठवीत त्याच शाळेत मी एकोणीस दिवस होतो.

पहिल्या दिवशी वर्ग सापडेपर्यंत हजेरी सुरू झाली होती, म्हणून दाराबाहेर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. मुलं हसली. तिसऱ्या दिवशी कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून मागच्या जिन्याखाली जाऊन बसलो. मग रोज तिथेच. डबा तिथेच खायचा आणि शेवटची घंटा झाली की मागच्या फाटकाने घर गाठायचं. एकोणीस दिवसांत मला एकदाही 'हजर' म्हणता आलं नाही. तुझ्या आईने मला तिथे शोधून काढलं. याला पाट्यांचा नाद आहे, शाळेत मन लागत नाही, असं तिनेच वडिलांना सांगून मला वाचवलं. लोक विचारायचे तेव्हा मी सातवीनंतर सोडली म्हणायचो. आठवीत पळालो हे सांगण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

आजवर अठरा शाळांच्या पाट्या रंगवल्या. त्या शाळेवरून जायची वेळ आली तर मात्र अजून वळसा घालतो. कुणीतरी फरशीवर नुसती एक रेघ ओढली असती, तर कदाचित मीही बसलो असतो वर्गात. हे तुम्हा दोघींना तेराव्या वर्षी सुचलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

गुडघा ठणठणीत आहे. दवाखान्याचं काम पुढे ढकललंय. एक मेला येतो.

तुझा
मामा

१२ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी, दुसरा हात वाळायच्या आत, पिशवी उचलून पसार झालास. पुन्हा पळालास की नाही? आई म्हणाली, त्याला कुणी शाबासकी दिली की कानकोंडा होतो. पण काय हुकलं ते तरी वाच.

फाटक उघडलं आणि दोनशे मुलं पिवळ्या पट्टीवरून निघाली, सगळी खाली बघत! एकमेकांवर आदळत होती, पण चुकलं कुणी नाही. घंटा झाली तेव्हा आठवीच्या वर्गाबाहेर एकही मूल उभं नव्हतं. शिपाईकाका दारं मोजत फिरले आणि मग टाकीजवळ जाऊन डोळे पुसून आले. वेणीला तिच्या पाचही मुलांची नावं पाठ झाली आहेत.

आणि मामा, ती सहावी पट्टी. हिरवी. आमच्या योजनेत ती नव्हतीच. आम्हाला ती तू गेल्यावर दिसली. तिसऱ्या तासाला मी तिच्यावरून चालत गेले तर ती मागच्या जिन्याखाली पोचली. तिथे तू धुऊनपुसून ठेवलेला बाक होता, आणि भिंतीवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतकं खाली, तुझं सुबक अक्षर: 'दमलात? बसा. पाणी उजवीकडे. लाज वाटण्यासारखं काही नाही. निघताना पिवळी पट्टी धरा.'

त्या बाकावर एक बारकी मुलगी दप्तर पोटाशी धरून बसली होती. मी शेजारी बसले. तिने मला विचारलं, हे कुणी लिहिलंय? मी सांगितलं, जो इथे तुझ्याआधी बसला होता त्याने. तिने ते आणखी एकदा वाचलं, दप्तर पाठीला लावलं आणि आम्ही पिवळी पट्टी धरली. वर्गात चौथ्या तासाची हजेरी नुकती सुरू होत होती. तिचं नाव यायचं होतं. मी दारातून ऐकलं, ती 'हजर' म्हणाली.

आता महत्त्वाचं. आम्हा मदतनीसांची दर सोमवारी सकाळी साडेसातला वेगळी हजेरी असते. मोठ्या बाईंनी यादीत शेवटी स्वतःच्या हाताने 'पेंटरमामा' लिहिलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी ते पुकारलं. तुझ्या वतीने मी बोलावं म्हणून वेणीने मला कोपर मारलं, पण मी बोलले नाही. ते तुझं तू म्हणायचं आहे. बाईंनी तेवढा चौकोन कोरा ठेवला आहे, खाडा मांडला नाही.

वाट बघणारी
खारूताई

१७ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

त्या बारक्या मुलीला माझा आशीर्वाद सांग.

सोमवारी येतोय. साडेसातच्या आधी पोचतो, सात वाजताच येऊन उभा राहतो म्हण ना. फाटक आता पुढच्या बाजूला आहे हे ध्यानात आहे. 'हजर' मोठ्याने म्हणायचं असतं की बेताने, तेवढं वेणीला विचारून ठेव. मला सवय नाही.

तुम्हा सगळ्यांचा लोभ पुरून उरलाय. बाकीचं समोरासमोर.

तुझा
मामा