माझ्या आवाजाची संमती

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क न कुरकुरणारी खुर्ची मिळाली! खिडकीजवळची जागा, समोर बसथांबा. घरही मनासारखं आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट.

सकाळी आईने विचारलं, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे हाताखाली माणसं किती? म्हटलं, एकही नाही. यंत्र बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, तक्रारी ऐकणारे वेगळे. त्या सगळ्यांची मोट बांधून वस्तू वेळेवर बाहेर काढायची, ते माझं काम. आई म्हणाली, म्हणजे हुकूम कुणावरच नाही आणि बोलणी मात्र सगळ्यांची, थोरल्या सुनेसारखं. दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

आमची वस्तू म्हणजे ‘सोबत’. बरणीएवढा पांढरा डबा. घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारतो, गोळ्यांची आठवण करतो, कडी लावली का विचारतो. असं काम मिळायला नशीब लागतं.

गुरुवार, ७ मार्च

आज सहा मीटिंगा. सगळ्या रेकॉर्ड होतात, तशी पद्धतच आहे म्हणे. गंमत अशी की बोलते मी एकटीच, बाकीचे माना डोलावतात. आणि प्रत्येक टिपणाखाली एकच ओळ: निर्णय – प्रॉडक्ट मॅनेजर. दुसऱ्या कुणाचं नाव औषधालाही नाही.

डब्याला बोलायला शिकवणारा एक दाढीवाला इंजिनिअर आहे. तो म्हणाला, तुमचं कामच बोलण्याचं, जितकं बोलाल तितकं बरं. घसा बसलाय. आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या.

मंगळवार, १२ मार्च

ग्राहकांची पत्रं वाचली. एका आजोबांनी लिहिलंय की डब्यातला माणूस फार दमल्यासारखा वाटतो, त्याला एकदा घरी जाऊ द्या.

मला हसू आलं. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तर कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली, माझ्यासारखी घशासाठी नव्हे. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, म्हणाल्या की तो जुना आवाज, तुमच्या आधीच्या मॅनेजरच्या वेळचा. आता नवा येतोय. आधीचे मॅनेजर कुठे गेले, असं विचारलं. बाईंनी चहा मागवला.

निघताना त्यांनी एक डबा हातात दिला. घरी वापरून बघा, आईंना आवडेल. आई घरी असते हे मी त्यांना कधी सांगितलं होतं?

शनिवार, १६ मार्च

आधी आई त्याला डबडं म्हणायची, आता त्याच्याशी बोलत भाजी निवडते. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, दिवस खायला उठतो. बरं वाटलं.

पण आज जेवताना म्हणाली, काल दुपारी बरं झालं तू सांगितलंस, गॅस तसाच राहिला होता. मी म्हटलं, मी फोन केलाच नव्हता. ती म्हणाली, फोन कसला, तू इथेच बोललीस, स्वयंपाकघरातून.

काल दुपारी मी ऑफिसात होते. आईचं वय झालं, असं स्वतःला समजावलं. नीटसं पटलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

जुनी टिपणं उपसली. ५ मार्चचं एक सापडलं: नवा आवाज – प्रॉडक्ट मॅनेजरच्या संमतीने. खाली माझी सही. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी, रुजू होण्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात मी न वाचता केलेली. हात दाखवून अवलक्षण.

मोठ्या बाईंकडे गेले. त्या मुळीच चिडल्या नाहीत. म्हणाल्या, म्हाताऱ्यांना समजुतीने बोलणारं माणूस लागतं, आणि आपल्याकडे दिवसभर समजुतीने बोलतं कोण? तुम्हीच. मी म्हटलं, डब्यातला माझा आवाज बंद करा. त्या म्हणाल्या, निर्णय तुमचाच आहे, फक्त सगळ्यांची संमती घ्या. सगळ्यांना लिहिलं. प्रत्येकाचं उत्तर एकच: बाकीच्यांची संमती आली की कळवतो.

गुरुवार, २१ मार्च

बसथांब्यावर एक गृहस्थ रोज बसलेले दिसायचे. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा. बस येते, जाते, ते हलत नाहीत. आज रिसेप्शनवरची मुलगी सहज बोलून गेली, की तेच आधीचे मॅनेजर.

जाऊन शेजारी बसले.  ते अगदी हळू म्हणाले की घरी आता त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, बायको खूश आहे. मला एकच विचारलं, तुमच्या घरी कोण असतं?

मी उठून ऑफिसात परत आले.

शुक्रवार, २२ मार्च

डब्याची वायर काढली. आई रुसली, रुसू दे. पिशवीत घालून दाढीवाल्याच्या टेबलावर नेऊन आपटला. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, ताई, डबा परत करून काय होणार, डबा म्हणजे नुसतं तोंड.

सोमवार, २५ मार्च

घरी आले तर आतल्या खोलीत आई कुणाशी तरी हसत होती. मी आत जाताच गप्प. खोलीत कुणी नाही. डबा नाही. पलंगाखालीही पाहिलं.

आई माझ्याकडे निरखून बघत होती. अनोळखी माणसाकडे बघतात तशी. मग विचारलं, आजोबा तुला लाडाने काय म्हणायचे? सांगितलं, चिमणं वादळ. ऑफिसात हे कुणालाही ठाऊक नाही. कुठल्याच मीटिंगमध्ये मी –

आई म्हणाली, तिनेही तेच सांगितलं.

मंगळवार, २६ मार्च

घसा पूर्ण गेला. नुसती हवा बाहेर पडते.

मीटिंगमध्ये कुणी विचारलंही नाही. पडद्यावरून मीच बोलले. माझा आवाज, माझे शब्द, मधेच घेतलेला माझा श्वाससुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बरोबर बोलत होती ती. मीही तेच बोलले असते.

बुधवार, २७ मार्च, दुपारी चार

लवकर निघून आले. दाराला आतून कडी. जिन्यात बसून लिहिते आहे.

बेल वाजवली. आईने विचारलं, कोण आहे? मला बोलता येत नाही. दार ठोठावलं. आई आत वळून म्हणाली, अगं, बघ गं कोण आहे. आणि आतून – माझ्याच आवाजात – थांब, तू उठू नकोस.

शेजारी कुलूप. खाली कुणी नाही.

याच वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, आई, बाहेर मी आहे, आतली मी नाही, दार उघड. फटीतून सरकवलं. मग आठवलं – तिला वाचता कुठे येतं –

पाऊल वाजलं. आईचं नाही. आई पाय ओढत चालते.

कागद उचलला गेला.

आई म्हणते आहे, वाच ना मोठ्याने.

वाचते आहे ती. सावकाश, समजुतीने. पण हे – हे मी लिहिलेलं नाही, मी तर एवढंच लिहिलं होतं की – आई रडायला लागली – नको, आई, ऐकू नकोस, ती तुला सांगते आहे की मी