चार अक्षरं

३ तारीख, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस! घरातली पहिली पदवीधर मी, आता पहिली इंजिनिअरही मीच. बाबांनी नेमणुकीचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या तीन घरांत फिरवून आणलं. पोरगी चार अक्षरं शिकली त्याचं चीज झालं, असं प्रत्येक दारात म्हणाले. निघताना मी घाईत 'जाते गं' म्हटलं, तर आईने अर्ध्या जिन्यावरून परत बोलावलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. मी म्हटलं, शब्दाने काय होतं? ती म्हणाली, मग येते म्हणायला तुझं काय जातं? आईपुढे माझी पदवी चालत नाही. म्हटलं, येते.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या, पण माझं टेबल खिडकीशी आहे. इथे नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांची इलेक्ट्रॉनिक बोर्डं बनतात. किती चांगलं काम! धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. साहेब हसतमुख आहेत, पण काहीही विचारलं की 'उद्या बघू'. सोल्डरिंग करणारे काका त्यांना पाठीमागे उद्यासाहेब म्हणतात. दाराबाहेर बायकी तपकिरी चपलांचा एक धुळकट जोड होता. काका म्हणाले, आधीच्या ताईंचा. सात महिने झाले, कोणी उचलत नाही.

४ तारीख, मंगळवार

माझं काम असं: सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आमच्या नव्या बोर्डावर बसवायची. आईला समजावलं, लायब्ररी म्हणजे नवी सून. सगळं येतं तिला, पण या घरात मीठ कुठे, डबे कुठे, हे कोणीतरी दाखवावं लागतं. आई म्हणाली, आणि नाही दाखवलं की सून वाईट. अगदी तसंच! आकडे छापणं, मेमरी मागणं लायब्ररीला येतं. पण अक्षर कुठल्या तारेवर धाडायचं, मेमरी कुठे संपते, हे सांगणारी दहा-बारा छोटी फंक्शनं या बोर्डापुरती हाताने लिहावी लागतात.

त्यातली निम्मी आधीच्या ताईंनी लिहून ठेवलीत, फार नीटस. 'बाहेर पडा' या फंक्शनपाशी थांबले. काम संपल्यावर प्रोग्रॅमने जायचं कुठे? बोर्डावर दुसरं काही नसतंच. म्हणून ताईंनी तिथे न संपणारा फेरा ठेवलाय, आणि वर एक ओळ: 'इथून परत येणं नाही.' तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

७ तारीख, शुक्रवार

डोकं फिरायची वेळ आली. लायब्ररी बांधून, म्हणजे या चिपच्या भाषेत उतरवून, व्हायला चाळीस मिनिटं लागतात आणि अडतिसाव्या मिनिटाला चूक निघते. साहेबांनी जुन्या बोर्डाच्या सेटिंग दिल्या. त्यात दशांश गणितासाठी चिपमध्ये वेगळा भाग आहे असं धरलंय. नव्या चिपमध्ये तो नाहीच. हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही काकांकडून! चिपच्या पुस्तिकेत पान ४१ वर मेमरी एका पत्त्यावर सुरू होते, पान ११२ वर दुसऱ्याच. साहेबांना विचारलं. म्हणाले, बहुतेक दुसरा बरोबर. बहुतेक! तान्ह्या बाळाची पेटी 'बहुतेक'वर चालवायची?

जेवणाच्या सुट्टीत काकांनी चिवड्याची पुडी पुढे केली आणि म्हणाले, पोरी, दगडावर डोकं आपटलं की दगडाला काही होत नाही.

११ तारीख, मंगळवार

चाललं! पडद्यावर पेटीचं तापमान उमटलं, 36.5. काकांनी सोल्डरिंगची बंदूक हवेत उडवायच्या बेतात टाळ्या वाजवल्या.

पण आनंद दहा मिनिटंच टिकला. धोक्याचा इशारा म्हणून रोमन अक्षरांत 'tapman jast' छापायला सांगितलं, तर नुसतं 'tapm' आलं. शोधलं. अक्षरं बाहेर धाडणाऱ्या भागात चारच अक्षरांची जागा आहे. ती रिकामी होईपर्यंत थांबायचं असतं. ताईंचं लिहिण्याचं फंक्शन थांबतच नाही. पहिली चार जातात, पुढची सांडतात. दोन ओळींचं काम. साहेब म्हणाले, शुक्रवारी गिऱ्हाइकाला 36.5 दाखवायचंय, मोजा किती अक्षरं झाली. चारच ना? मग आता बांधलेल्याला हात लावू नका, उद्या बघू.

मी दमले होते. हो म्हटलं. हे मला शोभलं नाही.

१२ तारीख, बुधवार

बोर्ड चालू केलं. 36.5 च्या आधी एक ओळ आली: yete.

आधी हसू आलं. ताईंचा विनोद दिसतो, प्रोग्रॅम आईसारखा बोलतो! मग तो शब्द सगळ्या कोडमध्ये शोधला. नाही. लायब्ररीत शोधला. नाही. चिप कोरी पुसली, काहीच भरलं नाही, वीज दिली.

yete.

कोऱ्या चिपला बोलता येत नाही.

काकांना दाखवलं. त्यांनी बंदूक स्टँडवर ठेवली. मग म्हणाले, ताईंचं साहेबांशी वाजलं होतं. भर दुपारी बॅग उचलली, जाते म्हणाल्या आणि निघाल्या. चपला घालायच्याही राहिल्या. संध्याकाळी घरचे विचारत आले. खालच्या दुकानदाराने कोणाला उतरताना पाहिलंच नव्हतं. जिना तर एकच आहे.

मी म्हटलं, याला काहीतरी साधं कारण असेल. काका म्हणाले, असेल बहुतेक.

१३ तारीख, गुरुवार

आज एकवीस वेळा. माझा हात बोर्डाजवळ गेला की जास्त. सलग yete yete नाही. दर वेळी एकदाच, मग थांबतं, मग पुन्हा. कोणीतरी पहिल्यापासून वाक्य सुरू करावं तसं.

कोण येतंय? कुठून?

दुपारी ऑफिसातून आईला फोनवर सांगणार होते. तिने आधी जेवलीस का विचारलं आणि माझा धीर गेला.

१४ तारीख, शुक्रवार, दुपार

भांडले. साहेबांना म्हटलं, इशारा चार अक्षरांत तुटतो हे माहीत असताना मी पेटी बाहेर जाऊ देणार नाही. ते हसत म्हणाले, चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवतेस? उद्या बघू म्हटलं ना. उद्या, उद्या! माझ्या अंगाची लाही झाली. पडदा वेड्यासारखा yete yete yete करत होता, काका मान हलवून मला काहीतरी खुणावत होते. मी बॅग उचलली. म्हटलं, तुम्हीच बघा तुमचं, मी जाते.

जिना उतरले. दोन मजले. खाली दार होतं. उघडलं.

खिडकीशी माझं टेबल.

१४, अजून दुपारच

चार वेळा उतरले. मोजून पायऱ्या, बेचाळीस. दर वेळी तेच दार, तीच खोली. घड्याळात दोन वीस. काकांच्या समोर उभी राहिले, खांद्याला हात लावला. त्यांनी माशी हाकलावी तसा खांदा झटकला आणि दाराकडे बघून म्हणाले, तीही गेली.

दाराबाहेर माझ्या चपला आहेत. तपकिरी चपलांच्या शेजारी.

मी अनवाणी आहे.

फेरा. न संपणारा. इथून परत येणं—

तारीख माहीत नाही

जिन्यात माझ्या खाली कोणीतरी उतरत असतं. अनवाणी पावलं. मी पळाले तर तीही पळतात. ताई, अशी हाक मारली. पावलं थांबली. वळणावर पोचले तर कोणी नाही, आणि पावलं आता माझ्या वर.

फोन मुका. ही वही आणि पेन बॅगेत होतं म्हणून—

कीबोर्डची कळ दाबली तर दबत नाही. पण बोर्डावर बोट ठेवून मनात एखादा शब्द म्हटला की पडद्यावर उमटतो. 'काका मी इथे आहे' म्हटलं.

kaka

ते दचकले. त्यांनी वीज बंद केली.

नंतर

आत्ता कळलं. अरे देवा, आत्ता!

ताई 'येते' म्हणत नव्हत्याच. त्या मला सांगत होत्या. 'येते म्हण.' जाताना येते म्हण. yete mhan. पहिली चार पोचली, पुढची सांडली. एकवीस वेळा. त्यांच्याच फंक्शनमध्ये. दोन ओळी, ताई! तुम्ही लिहिल्या नाहीत. मीही नाही. आईने तर फुकटात शिकवलं होतं, अर्ध्या जिन्यावरून परत बोलावून—

कधीतरी

नवी मुलगी. माझ्या खुर्चीत. वेणीला पेन खोचते. साहेब तिला सांगतायत, सगळं तयार आहे, हात लावू नका, 36.5 दाखवायचंय, चार अक्षरं पुरे.

तिने दाराबाहेर विचारलं, या चपला कोणाच्या? काका म्हणाले, आधीच्या तायांच्या.

ताया. आम्ही.

मी म्हटलं, येते म्हण. yete. ती हसली.

—

दुरुस्त कर ती दोन ओळींची चूक. duru. ती म्हणाली, दुरु? हे काय? साहेब: उद्या बघू.

—

चार अक्षरांत बसेल असं शोधतेय. jate लिहिलं तर तेच वाचेल. nako. पाठवलं. nako nako nako. तिने टेबलावर हात आपटला. म्हणाली, चार दिवस झाले, हे बोर्ड माझं डोकं खातंय.

—

पावलं माझ्या मागे येऊन थांबलीत. ताईही बघतायत.

ती साहेबांशी भांडतेय. इशारा तुटतो म्हणतेय. गुणाची गं पोर. बरोबर बोलतेयस, फक्त निघताना

दोघींची बोटं बोर्डावर. yete yete yete ती बघतही नाही बॅग उचलली काका सांगा ना तिला काका

ती दाराशी वळली. तोंड उघडलं. म्हणतेय, मी जा—