खिडकीतला हात

मी, मैनाबाई बेवा देवमन कासार, वय अंदाजे सहासष्ट, धंदा बांगड्या भरणे, राहणार कासारपुरा, परकोटाच्या आत, अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून ठेवीत आहे. डोळे अधू आहेत, अक्कल ठिकाणावर आहे. आज कोणाचा दाब नाही. पूर्वी होता, तो खाली सांगितला आहे.

कलम १. माझी खोली व ओसरी वलगावच्या भागीरथाबाईस द्यावी. ती माझ्या नात्याची नाही. पुतण्या उत्तमराव हरकत घेईल, म्हणून कारण लिहिते.

आमच्या पुऱ्यात घराला घर लागलेले. एका घरी फोडणी पडली की तिसऱ्या घरी ठसका लागतो. पिंजाऱ्यांचा शीरखुर्मा आणि आमच्या पुरणपोळ्या खिडक्यांतूनच येतात-जातात. तिथे किंकाळी ऐकू आली नाही, असे कोणी म्हणू नये.

भागीरथाबाईची मुलगी जमुना आमच्या शेजारच्या वामनरावांची सून. तिला दारात येण्याची मनाई होती. ती गल्लीच्या खिडकीतून हात बाहेर काढी, मी बांगड्या भरी. १९५३ च्या मार्गशीर्षात एका दुपारी त्या घरातून तिचे ओरडणे ऐकू आले, आणि एकदम थांबले. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी सांगितले, सून माहेरी गेली.

आठ दिवसांनी भर दुपारी मी त्या खिडकीखालून जात असताना हात बाहेर आला. मनगट रिकामे.

"माय, मले भर ना."

आवाज जमुनेचाच. मी हात दाबला. जिवंत हात दाबला की अंगठ्याजवळ मऊ होतो. हा झाला नाही. माठासारखा गार होता. तरी मी डझनभर भरल्या, आणि दारात जाऊन सासू इंदूबाईंना विचारले.

"तुले ऊन लागलं काय, मैना? ते तं वलगावले गेली." बोलताना त्यांच्या हातचे सूप खाली पडले.

मी वलगावला गेले. भागीरथाबाई म्हणाली, "पोरगी दिवाळीपासून आलीच नाही. काहून, काय झालं?" मी "काही नाही" म्हटले आणि उठले. परतल्यावर पुऱ्याचे पंच जानराव आले. "पोलिसात गेल्या तं इथं राहनं कठीन होईन, मैनाबाई." मी गप्प बसले.

हात दर महिन्याला आला, दर वेळी रिकामा. सात वर्षे मी भरत गेले. येणाऱ्याजाणाऱ्या बाया बघत, आणि पदर ओढून पुढे जात.

१९६१ साली वामनराव वारले. त्यांच्या परसातली बुजवलेली विहीर उपसली, तेव्हा हाडे निघाली आणि गाळात माझ्या बांगड्या. एकही फुटली नव्हती. पंचनाम्यात साऱ्या पुऱ्याने सांगितले, काही माहीत नाही. मीही तेच सांगितले. ते खोटे होते. त्या दिवसापासून हात येत नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कलम २. बांगड्यांची पेटी उत्तमरावाची मुलगी शालू हिला. तिने खिडकीतून हात देणाऱ्या सुनेला आधी दारात बोलवावे.

कलम ३. जानरावांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

कलम ४. याची एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. लेखनिक महादेवराव म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

साक्षीस पुऱ्यातले पाच जण बोलावले. एकच आला.

साक्षीदार १: मोतीराम डोमाजी पिंपळकर, सही.

साक्षीदार २: इंदूबाई बेवा वामनराव. न बोलावता आल्या. सर्व वाचून दाखवायला लावले व म्हणाल्या, "लिहा, महादेवराव. ते वरडत होती तवा मी सैपाकघरात होती. मी उठली नाही." निशाणी अंगठा.

मैनाबाई, निशाणी अंगठा.
अमरावती, ता. ९ फेब्रुवारी १९६४.