पाणी कोमट लागलं तेव्हा

प्रिय फ्लोरमिरा,

तुमच्या वाळवंटात पाणी पोचवायला सेबेरोचा ट्रक निघालाय, त्याच्याच हाती हे देतेय. ‘ताई, मासळी काय म्हणतेय?’ असं तू दर वेळी विचारतेस, म्हणून आधी तेच सांगते. मासळी काहीच म्हणत नाही, कारण मासळीच नाही. तीन आठवडे कासिमिरो रिकामी होडी घेऊन परततोय. उपाशी पेलिकन बाजारात बायकांच्या टोपल्यांमागे चालत असतात. काल एक माझ्या मागे दारापर्यंत आला. त्याला म्हटलं, बाबा रे, घर चुकलास.

हसशील तू. तुला हसायला काय जातंय? बाबांनी वाटणी केली तेव्हा होडी मला दिली आणि ती वाळू तुला. सगळं गाव तुझ्यासाठी हळहळलं. मीही हळहळले, आणि मनातून खूश झाले. मग त्र्याऐंशी साल आलं. समुद्र तापला, आमची मासळी गार पाण्याच्या शोधात निघून गेली, आणि त्याच समुद्राचा पाऊस तुझ्या वाळवंटावर महिनोन्‌महिने पडत राहिला. तुझ्या वाळूत चवळी आली, कलिंगडं आली, शेळ्यांना जुळी झाली. तेवढ्यावर भागलं नाही. खोलगटात तळं साचलं आणि नदीच्या पुराबरोबर त्यात मासेही आले. माझा नवरा कासिमिरो, जन्माचा दर्यावर्दी, होडी ट्रकवर चढवून तुझ्या दारात मासे धरायला आला. तू त्याला तीन महिने जेवू घातलंस. परतल्यावर माझ्या ताटापुढे बसून म्हणायचा, ‘फ्लोरमिराच्या हातचं बोकड एकदा खाऊन बघ.’ उपासमारीचा आला नाही एवढा राग मला तुझ्या त्या बोकडाचा आला.

आईची रीत तुला आठवत असेल. नाताळाच्या सुमारास समुद्राकाठच्या बाईने रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पाणी कोमट लागलं की त्याच दिवशी वाळवंटातल्या माणसांना कळवायचं, ‘बाळ आलंय,’ म्हणजे समुद्र तापलाय, पाऊस आणि पूर येणार. मग तुम्ही बिऱ्हाड उंचावर न्यायचं, बियाणं काढायचं. आई हातातलं पीठ तसंच टाकून निरोप द्यायला धावायची. तिच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. मी निरोप धाडला असेल असं कासिमिरो धरून चाललाय.

मी धाडलेला नाही. पाणी अठरा दिवसांपूर्वीच कोमट लागलं होतं. मनात म्हटलं, यंदा हिला उशिरा कळू दे, एक पेरणी चुकू दे. रोज ट्रक दारावरून जायचा आणि मी आत भांडी घासत बसायचे. आज सकाळी सेबेरो सहज बोलून गेला, की वरची विहीर आटली म्हणून तू पोरांना आणि शेळ्यांना घेऊन खाली त्या खोलगटातच झोपडी बांधलीस. भांडी तशीच टाकून मी कागद घेतला. डोंगराकडे दोन दिवस काळं भरून आलंय. तुम्हाला ट्रकमध्ये घालून वर ने, असं सेबेरोला सांगितलंय. अठरा दिवसांचं मात्र त्याला सांगितलेलं नाही, ते तुलाच लिहितेय. आत्ताच्या आत्ता नीघ. शेळ्या मागे राहिल्या तर राहू देत. पुढे तुझी चवळी उगवेल, कासिमिरो पुन्हा तुझ्याकडे जेवेल आणि मी पुन्हा जळेन. पण जळायला तरी तू हवीस.

तुझीच,
दिग्ना