स्टिअरिंगवरची झोप

१२ नोव्हेंबर
गाडी काढून घेतली! इतकी वर्षं भेस्तानहून इच्छापोरच्या कारखान्यात माणसं नेतोय, आणि आज मालक म्हणाला, "भगवंतभाऊ, चावी ठेवा." त्याचं चुकलं नाही. परवा सकाळी भरल्या बसमध्ये माझा डोळा लागला. बस दुभाजकाला घासत गेली. कुणाला खरचटलंही नाही — पण मागे एक बाई किंचाळली, तो आवाज कानातून जात नाही.
झोप आली कधी, हेच मला कळलं नाही.

१३ नोव्हेंबर
गल्लीत बायकोला, सीताला विचारतात, "भाऊ पिऊन गेले होते का?" मी थेंबाला शिवत नाही!

२० नोव्हेंबर
झोप तपासायला दवाखान्यात अंगभर वायरी लावून झोपवलं होतं. आज डॉक्टरांनी सांगितलं. "तुम्ही झोपताच कुठे? झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडकतो. शरीर दचकून उठतं, परत झोपतं. रात्रभर हेच. तुम्हाला पत्ताच नसतो."
म्हणजे ते सकाळचं जड डोकं, जेवतानाच्या डुलक्या, पोरावर, राकेशवर उगाच ओरडणं... सगळे म्हणायचे, खाऊन खाऊन सुस्तावलाय. मीही तेच समजायचो.
बाहेर बाकड्यावर बसून रडलो. एवढा मोठा बाप्या! सीता शेजारी बसून राहिली.

२४ नोव्हेंबर
श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन दिलंय. नाकावर मास्क लावून झोपायचं. झोपेत मीच ओढून फेकतो. डॉक्टर म्हणाले, "सोडू नका, जमेल तेवढा लावा. आणि जोडीला व्यायाम. वर्गातच यायचं, घरच्या घरी नाही."
व्यायाम! हे शरीर घेऊन?

२ डिसेंबर
पहिला दिवस. शिकवणारी चैताली, लेकीच्या वयाची पोर. आधी सायकल, मग रबरी पट्टे ओढायचे, मग खुर्चीतून ऊठबस. मांड्या लटलटायला लागल्या. समोर आरसा, त्यात माझं पोट. बघवेना.
"काका, आरशात नका बघू. माझ्याकडे बघा. चालो, हजी थोडुं, अजून थोडं!"

५ डिसेंबर
गेलो नाही.

६ डिसेंबर
आजही जाणार नव्हतो. सीता चप्पल घालून दारात उभी. "चाल, मी बी येस." तिचे गुडघे दुखतात, तरी. वर्गात ती कोपऱ्यात बसली आणि मी सायकल मारताना माझ्याकडेच बघत राहिली. मग थांबायची लाज वाटली!

२२ डिसेंबर
आता घशासाठी जिभेचाही व्यायाम. टाळूला जीभ चिकटवून जोरात दाबायची, टकटक करायची. घरी करत बसलो होतो तर राकेश म्हणाला, "पप्पा, कुणाला चिडवताय?" सीता हसून हसून खाली बसली. किती दिवसांनी घर असं हसलं.

१४ जानेवारी
उत्तरायण. पतंग उडवायला गच्चीवर गेलो. मागच्या वर्षी खालीच खुर्चीत घोरत पडलो होतो. आज राकेशची फिरकी धरली, उंधियो खाल्ला, आणि दुपारभर जागा! पतंग कापून शेजारचे ओरडले — "काप्यो छे!" — तर मीही ओरडलो.

३ फेब्रुवारी
काटा तिथल्या तिथे. इतका घाम गाळला, भात सोडला, आणि वजन हलायला तयार नाही. चैतालीवर चिडलो. "तुमचा व्यायाम तुमच्यापाशी ठेवा!"
ती चिडली नाही. म्हणाली, "काका, आपण काट्यासाठी नाही करत, श्वासासाठी करतोय. वजन न उतरताही श्वास सुधारतो, खूप लोकांचा सुधारलाय. थोडं थांबा ने."
घरी येऊन वाईट वाटलं. उद्या माफी मागायची.

४ फेब्रुवारी
मागितली. "माफी नंतर, आधी सायकल," म्हणाली.

१० मार्च
पुन्हा वायरी लावून झोपलो होतो. आज निकाल. श्वास अडकणं निम्म्यावर आलंय! वजन जवळजवळ तेच. डॉक्टरांना दोनदा विचारलं, कागद माझाच ना?
"तुमचाच. पण नीट ऐका. सुधारलंय, गेलेलं नाही. दिवसा जागं राहण्याची तपासणी पास झालात, गाडी चालवा. जरा जरी झोप वाटली तर तिथेच थांबायचं."
सीताने दवाखान्यातच माझा हात धरला. लोकांसमोर! लग्नानंतर पहिल्यांदाच.

१७ मार्च
बस मिळाली. भेस्तानच्या नाक्यावर उखा — रोज माझ्या मागच्या सीटवर बसणारा वेल्डर — लांबूनच ओरडला, "भगवंतभाऊ उना, भाऊ आला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. पुसले डोळे आणि मगच गियर टाकला.

२ एप्रिल
इच्छापोर थोडंच राहिलं होतं. पापणी जड झाली — आणि मला कळलं! बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे वळून म्हटलं, "मला झोप येतेय. मी पुढे नेणार नाही." सगळ्यांसमोरच मालकाला फोन लावला : "डॉक्टर पूर्ण बरा म्हणेपर्यंत दुसरा ड्रायव्हर बघा."
मग उखा उठला. "चला रे, पायी जाऊत. भाऊ, तुमी बी चला."
सगळे उतरले. कारखान्याच्या फाटकापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो.