माझ्या बांधावरची झाडं

मी, चंद्रभागा मुरारी उतेकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार कापड्याच्या वरची वाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी संतापलेली आहे हे खरं, पण संताप म्हणजे वेड नव्हे, हे कोर्टात जाऊ पाहणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

१. राहतं घर. मला मूलबाळ नाही. घर माझ्या दिराचे चिरंजीव किशोर यांना द्यावं. ते त्यांच्या वाडवडिलांचं आहे, मला त्यातला खिळाही नको.

२. शिवणयंत्र सोनाबाई गुरव हिला द्यावं. माझा राग तिच्या नवऱ्यावर, सदूवर आहे, तिच्यावर नाही.

३. बांधावरची झाडं. ही जमीन मी माझ्या पगारातून घेतली, ती स्वकष्टार्जित आहे, तिच्यावर कोणाचाही हक्क पोचत नाही. देवराईच्या टोकापासून वरच्या जंगलापर्यंत आंबा, उंबर, बेहडा अशी झाडांची ही एकच रांग उरली आहे. ती का उरली आणि बाकीची का गेली, तेही इथेच लिहिते, म्हणजे पुढे कोणी मला खोटं पाडायला नको.

आमचा भैरी पिढ्यान्‌पिढ्या देवराईच्या झाडांखाली उघड्यावर बसलेला देव. किशोर गावाच्या मुंबईतल्या मंडळाचा सेक्रेटरी झाला आणि त्याला देवाची लाज वाटू लागली. स्लॅबचं देऊळ हवं, पुढे पार्किंग हवं. "काकी, पब्लिक गाड्या घेऊन येणार, लावणार कुठे? आपलं पण नाव झालं पाहिजे ना!" गावाने कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली की देवाचा होकार. उजवी पडली. सदू गुरवाने विचारलं होतं काय? "देवा, तुला देऊळ बांधू का?" एवढंच! "तुझी झाडं तोडू का?" हे एकाही माणसाने विचारलं नाही. मी म्हटलं, परत विचार. तर सदू म्हणतो, "बाय, देवानं उजवा दिला, आता मी काय करू? दोनदा इचारला तर देव रागावतो." आणि करवती आल्या.

त्या झाडांवर शेकरं होती. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं की शेकरू आपला राज्यप्राणी, फांदीवरून फांदीवर जगतो, जमिनीला सहसा पाय लावत नाही, एकेक जण अनेक घरटी बांधतो, आणि मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं. पोरं पाठ करून मार्क मिळवून गेली, किशोरही गेला! देवराई तोडली तेव्हा घरट्यांत पिल्लं होती. लाकडाचं काम दासगावच्या मुदस्सरकडे होतं. त्याने वर पाहिलं आणि करवत खाली ठेवली. "बाई, वर पोर हाय. मी नाय कापणार. किशोरभाय, तुमचा इसार परत घ्या." किशोरने दुसरा माणूस आणला. मादी पिल्लाला तोंडात धरून एका घरट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. पुढे फांदीच नव्हती. ती खाली उतरली आणि वाडीच्या कुत्र्यांनी दोघांना फाडलं. किशोर म्हणाला, "खारच होती ना काकी." अरे मेल्या, खार?

आता उरलेली दोन शेकरं माझ्या रांगेवरून ये-जा करतात. रांगेतलं एक झाड गेलं तरी ती अडकली. आणि किशोरने पार्किंग वाढवायला तिथेही चुन्याची फक्की मारून आखणी करून ठेवली आहे. म्हणून ही जमीन झाडांसकट किशोरची मुलगी कु. सेजल हिला देत आहे. त्या दिवशी कुत्र्यांवर दगड घेऊन धावलेली घरातली ती एकटीच. तिने ती विकू नये, फांदीही तोडू नये. बापाने गळ घातली तर हा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

४. बँकेतली शिल्लक सेजलने नवी झाडं लावून जगवण्यासाठी वापरावी. फुलझाडं लावू नयेत. देवराईत होती तीच लावावी.

५. माझं शरीर. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्याच बांधावरचं आंब्याचं झाड चितेसाठी पाडतात. माझ्यासाठी पाडाल तर खबरदार! देवळाच्या मागे स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या आहेत. त्या देवराईच्याच आंब्याच्या आहेत. मला त्यांवर जाळावं. फळ्या कोणाकडून उचलून घेऊ नयेत, किशोरने एकेक स्वतःच्या खांद्यावरून स्मशानात न्यावी. मुलगा नाही, तेव्हा अग्नीही त्यानेच द्यावा. मात्र त्याआधी, ज्या पार्किंगसाठी देवराई गेली तिथेच मला खाली ठेवावं. सदूने देवाला कळ्या लावाव्यात आणि सगळ्या गावादेखत, राहून गेलेला प्रश्न किशोरने स्वतःच्या तोंडाने देवाला विचारावा. उत्तर काय येईल ते येवो. तोवर मला उचलायचं नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

सही: चंद्रभागा मुरारी उतेकर

साक्षीदार:
मुदस्सर जहांगीर देशमुख, लाकूड व्यापारी, दासगाव
सदू कुशाबा गुरव, वरची वाडी (पाचवं कलम दोनदा वाचून घेतलं, मग सही केली)

ठिकाण: पोलादपूर
दिनांक: ११ जून २०२४