पीठ, मावेल तेवढं

प्रिय तेमेनुगा, माझ्या ताटातल्या अर्ध्या वाटेकरणी,

'मावेल तेवढं' म्हणजे नेमकं किती, हे मला आजही सांगता येत नाही. चार वर्षं मी अन्नशास्त्र शिकले, पीठ किती पाणी पितं यावर परीक्षेत दहा-दहा पानं लिहिली, बाबांनी पदवीचा कागद काचेत घालून टीव्हीच्या वर टांगला. पण तुझी आई कणिक मळताना जे म्हणते, 'पीठ, मावेल तेवढं,' ते माझ्या कुठल्याच कोष्टकात बसलं नाही. तू मात्र मला वेगळंच विचारलं आहेस. रविवारी सारागोसात तुम्ही मैत्रिणी आपापल्या घरचं काहीतरी करून जमता, या वेळी तुझी पाळी होती, तू माझ्या पाककृतींच्या पुस्तकातलं पान उघडून क्लिन, आपली ती भरलेली पोळी, करायला घेतलंस, आणि भात-चीज भरायच्या आधीच वरची पोळी फाटली. पाच जणींसमोर शेवटी तू अंडी तळलीस. आणि मग लिहिलंस, 'आईने मलासुद्धा खरी कृती सांगितली नाही का गं? फोनवर विचारलं तर म्हणते, विसरले.' या प्रश्नाचं उत्तर मला येतं. तेच लिहायला बसले आहे. फक्त तिथे पोचेपर्यंत जरा धीर धर.

तू एकोणिसाव्या वर्षी स्पेनच्या बसमध्ये बसलीस, आणि त्याच शरद ऋतूत मी प्लोवदिवला शिकायला गेले. आमच्या घरी स्वयंपाक कसा असायचा ते तुला माहीत आहे. आई शिवणाच्या कारखान्यातून येणार, बटाटे उकडणार आणि त्यांच्यासमोरच डुलक्या घेणार. पण दर शुक्रवारी गावच्या बसचा ड्रायव्हर फडक्यात बांधलेली क्लिनची एक तबकडी माझ्या हातात ठेवायचा आणि ओरडायचा, "घे गं, गिनाने पाठवलंय! वासाने जीव गेला माझा वळणावळणावर!" वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी होतो. तबकडी उघडली की चौघी पलंगावर मांडी घालून बसायचो, काटे-चमचे कुणाला आठवायचेच नाहीत. एकीच्या घरून लोणच्याची बरणी यायची, एकीच्या घरून अक्रोड, पण शुक्रवार तुझ्या आईचा. एकदा मी गिना मावशीला विचारलं होतं, तेमेनुगा तर इथे नाही, मग तू इतकं कशाला करतेस? तर म्हणाली, "दोघींचं करायची सवय लागलीय हाताला. हाताला कोण समजावणार?" तुझ्या वाटणीचं मी खाल्लं, तेमेनुगा. चार वर्षं.

आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. मी परत काय पाठवणार? कधी दोन संत्री, कधी कोपऱ्यावरच्या बेकरीतले पाव. एका आठवड्यात काहीच जमलं नाही, तेव्हा नुसती चिठ्ठी टाकली: 'रसायनशास्त्रात सहापैकी सहा.' पुढे मी गावी आले तर ती चिठ्ठी तुमच्या फडताळावर, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेली. आळीतली विदा काकू आली होती, तिने टोमणा मारलाच, "काय गं गिना, तबकडी रिकामीच आली म्हणे?" मावशी म्हणाली, "रिकामी कुठली? सहा आले त्यात!"

पुस्तकाची कल्पना माझीच. गावातल्या बायकांच्या हातचं सगळं त्यांच्याबरोबर संपून जाईल, आपण शिकलो ते कशासाठी, असं माझ्या डोक्यात होतं. अजूनही आहे, हसू नकोस. यंदाच्या वसंतात मी वजनकाटा आणि वही घेऊन घरोघर बसले. विदा काकूने वालाचं कालवण सांगितलं, तेही तीन वेळा तीन तऱ्हांनी. मावशीने क्लिन केलं. मी पिठाची पिशवी आधी तोलली, मळून झाल्यावर पुन्हा तोलली: आठशे ग्रॅम. मावेल तेवढं म्हणजे आठशे! मला कोण आनंद झाला. पाणी किती, असं विचारलं तर मावशी म्हणाली, "दह्याचं एक भांडं." दुकानातलं दह्याचं भांडं म्हणजे चारशे ग्रॅम, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. मी लिहिलं, चारशे.

जुलैच्या जत्रेआधी वाचनालयाने चाळीस प्रती छापल्या. एरवी या बायका पीठ हातानेच ठरवतात. पण कागदावर ग्रॅम छापलेले, वर पदवीधर पोरीचं नाव, म्हणून प्रत्येकीने काटा विकत आणला किंवा शेजारणीकडून मागून आणला. गिनाच्या क्लिनचं गुपित आता आपल्याही हाती आलं, असं सगळ्यांना वाटलं. कणिक दगडासारखी झाली तरी त्या म्हणत राहिल्या की हेच ते गुपित असणार. जत्रेच्या टेबलावर सात घरची क्लिनं आली आणि सातही फाटलेली. विदा काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "गिनाने एक हात पाठीमागे ठेवला गं. पोरीला अर्धंच सांगितलं." मावशी एवढंच म्हणाली, "मी करते तसंच सांगितलं." मी दोन पावलांवर उभी होते. मला खरंच काही कळलं नव्हतं, पण मी तिच्या बाजूने बोललेही नाही.

ऑगस्टमध्ये कळलं. मी स्वतः पुस्तकावरून करून पाहिलं, तेही फाटलं. विचारायला तुमच्या घरी गेले. मावशी बागेत होती. खिडकीत एका काचेच्या भांड्यात पुदिन्याची काडी ठेवलेली. तुझ्या लहानपणापासूनचं तेच जाड काचेचं दह्याचं भांडं, हल्ली दुकानात मिळत नाही असं. मी उगाच उचललं. बुडाला आकडा होता: पाचशे. मी काडी परत ठेवली, भांडं परत ठेवलं आणि मागच्या दाराने निघून आले.

शंभर ग्रॅम पाणी, बस. एवढं बोलायला मला तीन महिने लागले. कारणं सांगत नाही, सांगितली की ती बरी वाटू लागतात. सप्टेंबरात वाचनालयाच्या मागे ल्युतेनित्सा चटणीची मोठी कढई चढली, मिरच्या भाजल्या, आणि पंचवीस वर्षं जी कढई घोटते ती तुझी आई आली नाही. तिचा लाकडी डाव विदा काकूच्या हातात होता. चटणी खाली लागली. "गिनाला बोलवा कुणीतरी," असं एक जण म्हणाली, पण उठलं कुणीच नाही. मीही टोमॅटो चिरत राहिले. तिची शेवटची तबकडी जूनपासून माझ्याकडे होती. रिकामी परत करता येत नव्हती, आणि तिच्यात घालण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.

मग तुझं पत्र आलं. गावाने काय म्हणायचं ते म्हणो, पण तूही आईला विचारावंस की खरं सांगितलं नाहीस का! मी त्याच दुपारी चारशे पाण्यात आठशे पीठ मळलं, क्लिन केलं, फाटलं तसंच तबकडीत घातलं आणि तुमचं दार वाजवलं. मावशीने फडकं उचललं, एक तुकडा मोडून चावला, खूप वेळ चावला. म्हणाली, "नाल संपले तर घोड्याला ठोकायला बरं आहे." मी रडत रडत सगळं सांगितलं. ती शांतपणे दुसरा तुकडा मोडत होती. तिला माहीत होतं, तेमेनुगा. पुस्तक आलं त्याच दिवशी तिने चष्मा लावून वाचलं होतं आणि चारशे पाहिलं होतं. "मी पाणी ओतत होते तेव्हा तू लिहीत होतीस, बघत नव्हतीस. पण पोरी, आपल्या आळीतली पहिली शिकलेली मुलगी तू. तिला सगळ्यांसमोर चुकली म्हणू? मला म्हातारीला काय, बोलतील चार दिवस." मी म्हटलं, मावशी, चार महिने झाले. तर म्हणाली, "मावलं की." आणि मला दाराशी सोडताना तिने दोन अटी घातल्या: गावात बोभाटा करायचा नाही आणि तुला कळवायचं नाही. "ती तापट आहे. तुमचं दोघींचं मोडेल."

मी तिची एकही अट पाळलेली नाही. शनिवारी आणि रविवारी लाल पेन घेऊन मी घरोघर गेले, बारावं पान उघडायला लावलं, 'चारशे' खोडून 'पाचशे' लिहिलं, 'आठशे' खोडून 'मावेल तेवढं' लिहिलं, आणि खाली 'चूक माझी, गिना मावशीची नव्हे' असं लिहून सही केली. बाबांनी आपली प्रत स्वतःच पुढे केली. विदा काकूने मला दारात अर्धा तास उभं केलं, "एवढं शिकून काचेचं भांडं ओळखता येईना?" असं चार वेळा ऐकवलं, आणि मग पायात चपला सरकवून माझ्याआधी तुमच्या घराकडे निघाली, तो लाकडी डाव हातात घेऊन. एकोणचाळीस प्रती झाल्या. चाळिसावी सारागोसात आहे, तिथवर माझा हात पोचत नाही. म्हणून हे पत्र, आणि त्यासोबत हे लाल पेन. तुला राग आला तर येऊ दे, तो माझ्या वाटणीचा आहे, मी पुरा खाईन. पण आधी आईला फोन कर. ते काचेचं भांडं तिने तुला द्यायला माझ्या हवाली केलंय. आज सकाळी मी ते माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळून स्पेनच्या बसवर चढवलं. रिकामं नाही पाठवलं. आत पुदिना आहे.

तुझीच, तुझ्या वाटणीचं खाऊन मोठी झालेली,
नेव्याना